झिओलाइटमधलं फिरतं तांबं

इथं अमेरिकेत महामार्गावरच्या ट्रक स्टॉपवर डिझेलशेजारी आणखी एक नळ असतो. त्यातून येतं युरियाचं पाणी, 32.5 टक्के युरिया असलेलं. एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 लागू झाल्यापासून आपल्याकडच्या ट्रकवाल्यांनाही ते चांगलंच ओळखीचं झालंय. गरम धुरात युरियापासून अमोनिया तयार होतो आणि तो नायट्रोजनच्या घातक ऑक्साइडचं रूपांतर साधा नायट्रोजन आणि पाण्यात करतो. हे घडवून आणतं झिओलाइटमध्ये बसवलेलं तांबं.

झिओलाइट तसा आपल्या घरचाच दगड. पुणे, नाशिक, जळगावकडे खाणीत किंवा विहीर खोदताना काळ्या कातळाच्या पोकळ्यांत सापडणारे स्टिलबाइट, ह्युलँडाइटचे देखणे स्फटिक म्हणजे झिओलाइटच. ट्रकमधला मात्र कारखान्यात बनवलेला असतो. त्याची रचना दख्खनच्या बेसाल्टातही मिळणाऱ्या चॅबाझाइटसारखी, पिंजऱ्याच्या खिडक्या जेमतेम 0.38 नॅनोमीटरच्या.

या पिंजऱ्यात तांबं नेमकं कुठं आणि कसं बसलंय, हे कळणार कसं? पाणी धरलेलं तांबं फिकट निळं दिसतं, मोरचुदासारखं. वाळवलं की रंग बदलतो. तांब्यानं दोन इलेक्ट्रॉन गमावले असतील तर एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना उरतो आणि चुंबकीय क्षेत्रात सूक्ष्मलहरींना प्रतिसाद देतो. एकच गमावला असेल तर ते तांबं या तंत्राला दिसतच नाही! मग क्ष-किरण लागतात. त्यात दोन्ही रूपं वेगळी ओळखू येतात, तीही तापलेल्या, वायू वाहत असताना. बंद पडलेला सर्व्हर उघडून बघणं वेगळं आणि चालू सर्व्हरचे लॉग वाचणं वेगळं. मला तरी हे दुसऱ्यासारखं वाटतं.

पर्ड्यू, नोटर डेम आणि कमिन्सच्याही संशोधकांनी मिळून 2017 मध्ये असंच काम प्रसिद्ध केलं. त्यातून दिसलं की अमोनियानं वेढलेलं तांबं भिंतीपासून सुटतं, खिडकीतून पलीकडे जातं आणि दुसऱ्या तांब्याशी जोडी जमवून ऑक्सिजन पकडतं. पण फार लांब जाता येत नाही. भिंतीवरचा ऋणभार त्याला ओढून धरतो. खुंट्याला बांधलेल्या गाईसारखं, दावं पुरेल तेवढंच. तांबं विरळ असेल तर जोडीदारच सापडत नाही, आणि 200 अंशांच्या आसपास, म्हणजे शहरात रेंगाळणाऱ्या ट्रकच्या धुरात, काम मंदावतं.

गंधक तर या तांब्याला चिकटूनच बसतं. म्हणून बीएस-6 साठी नुसतं इंजिन बदलून भागलं नसतं. डिझेलमधलं गंधकही दशलक्ष भागांत 50 वरून 10 वर आणावं लागलं.