बटणाचं आतलं नाव

वेबसाइटवरच्या प्रत्येक बटणाला दोन नावं असतात. एक पडद्यावर दिसतं. दुसरं कोडमध्ये असतं आणि ते फक्त सॉफ्टवेअर वाचतं. माउस वापरणाऱ्याचा या आतल्या नावाशी आयुष्यात कधी संबंध येत नाही. पण ज्याचे हात चालत नाहीत आणि जो आवाजावर संगणक चालवतो, त्याचं काम ही दोन नावं जुळली तरच होतं. वेबसाइटी तपासणं हा माझा पोटाचा धंदा, त्या आवाजाने तपासणं ही हौस. बंद खोलीत एकटाच 'क्लिक सर्च, क्लिक सर्च' म्हणत बसणाऱ्या माणसाची आता घरच्यांना सवय झाली आहे, शेजाऱ्यांना अजून व्हायची आहे.

इतिहास सांगायलाच हवा म्हणून भराभर सांगतो. जेम्स आणि जॅनेट बेकर या दांपत्याने १९८२ मध्ये अमेरिकेत ड्रॅगन सिस्टिम्स ही आवाज ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरची कंपनी काढली. १९९० च्या ड्रॅगन डिक्टेटला ९,००० डॉलर पडत आणि प्रत्येक शब्दानंतर थांबावं लागे. सलग बोललेलं कळणारं ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंग आलं १९९७ मध्ये. २००० मध्ये बेकरांनी कंपनी एका बेल्जियन कंपनीला शेअर्सच्या बदल्यात विकली, ती घोटाळ्यात बुडाली आणि शेअर्सची रद्दी झाली. ड्रॅगन पुढे न्युआन्स या कंपनीकडे आणि २०२२ मध्ये न्युआन्ससकट मायक्रोसॉफ्टकडे गेलं. २०१९ पासून ॲपलच्या यंत्रांत व्हॉइस कंट्रोल आहे, विंडोज ११ मध्ये व्हॉइस ॲक्सेस आहे. दोन्हींना वेगळे पैसे पडत नाहीत. झाला इतिहास.

आता माझा लाडका विषय. सुगम्यता म्हटलं की बहुतेकांना अंध व्यक्ती आणि पडदा वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर आठवतो. स्क्रीन रीडर आतलं नाव वाचतो. आवाजावर काम करणाऱ्याला मात्र पडदा स्वच्छ दिसत असतो, आणि दिसतं तेच तो बोलतो. समजा, बटणावर 'सबमिट' लिहिलंय आणि एखाद्या भल्या प्रोग्रामरने अंधांची सोय म्हणून एरिया-लेबलमध्ये, म्हणजे आतलं नाव ठरवणाऱ्या कोडच्या खुणेत, 'सेंड युवर ॲप्लिकेशन' असं ऐसपैस नाव घातलंय. अंध व्यक्तीचं काही अडत नाही. हात न चालणारा माणूस 'क्लिक सबमिट' म्हणतो आणि बटण ढिम्म. अर्धवट शिकलेल्या चांगुलपणाने जितकी बटणं मुकी केली, तितकी निष्काळजीपणानेही केली नसतील, असं माझं मत आहे. ५ जून २०१८ ला आलेल्या डब्ल्यूसीएजी २.१ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत यासाठीच २.५.३ हा निकष आला: दिसणारी अक्षरं आतल्या नावात असलीच पाहिजेत. तीही सुरुवातीलाच असावीत, असा सल्ला सोबत आहे. निकष सर्वांत खालच्या 'ए' पातळीचा, म्हणजे किमान एवढं तरी करा या वर्गातला.

मराठी वेबसाइटींवर याची एक खास आवृत्ती भेटते. तयार साचा विकत घेतात, दिसणारी अक्षरं मराठी करतात आणि आतली नावं इंग्रजीच राहतात. वर 'शोधा', आत 'सर्च'. निकषाच्या हिशेबाने हे नापास. गंमत अशी की मी वापरतो ती सॉफ्टवेअरं आज्ञा इंग्रजीतच घेतात, त्यामुळे अंदाजाने 'क्लिक सर्च' म्हटलं की ते उघडतं! उलट कुणी इमानदारीने आतही 'शोधा' लिहिलं, तर ते उच्चारूनही उपयोग नाही. तरीही आत मराठीच लिहा, असं मी हट्टाने सांगतो. त्याच आतल्या नावावर मराठी स्क्रीन रीडर चालतो. गुगलचं बोलून टंकन २०१७ मध्ये मराठी शिकलं, पण मजकूर सांगणं वेगळं आणि हुकूम देणं वेगळं. हुकुमांपर्यंत मराठी पोहोचेपर्यंत आकड्यांचा आधार.

हे आकडे मी नीट पाहिले ते साताऱ्याच्या एका परिचितांकडे. पूर्वी ड्राफ्ट्समन, पडल्यामुळे मानेला मार लागला, हात गेले. 'शो नंबर्स' म्हणताच पडद्यावरच्या प्रत्येक लिंकपाशी आकडा उमटतो, मग नुसता तो म्हणायचा. बातम्यांच्या एका पानावर आकड्यांचं मोहोळ उठलं होतं आणि त्यात 'पुढे वाचा' कितीतरी वेळा. मी आतल्या नावांवर प्रवचन सुरू केलं तसे ते म्हणाले, "अहो, नावं घेत बसायला वेळ कुणाला आहे? आकडा सांगायचा आणि मोकळं व्हायचं."

मग त्यांनी एक अर्ज उघडला. जन्मतारखेचं कॅलेंडर नुसत्या चौकटी रंगवून केलेलं. कोडच्या लेखी त्यात बटण एकही नाही. आकडेच उमटेनात. उरला 'शो ग्रिड': पडद्यावर चौकोनांची जाळी, त्यातल्या एका चौकोनाचा आकडा सांगितला की त्यातच आणखी बारीक जाळी, असं करत नेमक्या ठिपक्यावर जायचं. एक महिना मागे नेणारा बाण दाबायला एवढं सगळं, आणि जन्मसाल १९५८! तेवढ्यात अर्जाची मुदत संपून पान पहिल्यापासून सुरू झालं. काकू म्हणाल्या, "सरा, मी दाबून देते." ते सरले नाहीत.

दुसरी तऱ्हा याहून विचित्र. काही ईमेल सेवांत एकेका अक्षराचे शॉर्टकट असतात: वाय दाबलं की पत्र संग्रहात, के म्हणजे पुढचं पत्र, एम म्हणजे ते संभाषण गप्प. माइक चालू असताना दारातून कुणी 'हे किम' अशी हाक मारली, तर सॉफ्टवेअर ती अक्षर-अक्षर टंकित करतं आणि तिन्ही गोष्टी घडतात. हे उदाहरण डब्ल्यूसीएजीच्याच स्पष्टीकरणात आहे, आणि इतक्या कोरड्या दस्तऐवजात असा विनोद सापडल्याचा मला भारी आनंद झाला होता. म्हणून निकष २.१.४: असे शॉर्टकट बंद करता किंवा बदलता आले पाहिजेत, निदान त्या भागात असतानाच चालले पाहिजेत.

तपासणी शिकणाऱ्यांना मी हात मांडीखाली घेऊन बसायला सांगतो. दिसेल ते प्रत्येक लेबल मोठ्याने म्हणा. मग आकडे मागा आणि कुणाला आकडा मिळाला नाही ते बघा. चुकलं की लगेच वेबसाइटवर खापर फोडू नका, कदाचित तुमचा उच्चारच कळला नसेल. जुलै २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने भर सभेत विंडोज व्हिस्टाच्या आवाज ओळखण्याचं प्रात्यक्षिक केलं, तेव्हा 'डिअर मॉम' म्हटल्यावर पडद्यावर 'डिअर आंट' उमटलं. आईची मावशी झाली आणि दुरुस्त करायला जावं तसा गोंधळ वाढतच गेला. म्हणून ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये ॲक्सेसिबिलिटीचा कप्पा उघडून आतलं नाव डोळ्यांनी वाचावं. ते दिसणाऱ्या नावाशी जुळत असेल, तर दोष आपल्या जिभेचा किंवा माइकचा. आपोआप तपासणारी साधनं हिरवा टिळा लावून मोकळी होतात. वरच्या कॅलेंडरमधल्या रंगवलेल्या चौकटी त्यांना बटणं वाटतही नाहीत.

कायद्याचं म्हणाल तर दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, आणि ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधा मिळणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. खटला डिजिटल केवायसीचा होता.

त्या कॅलेंडरला उपाय फार सोपा आहे. तारखेचा साधा, टंकता येणारा रकाना ठेवायचा आणि कॅलेंडर हवंच असेल तर ते शेजारी, खऱ्या बटणांचं. रकान्यात गेलं की अख्खी तारीख एका दमात बोलता येते.