ऑलिंपिकवीर विजेंदर पुढे कुठे अडला?

गोव्यात पणजीला, मांडवी नदीतल्या एका कॅसिनो जहाजाच्या गच्चीवर १९ मार्च २०२१ रोजी विजेंदर सिंग हरला. समोर रशियाचा आर्तिश लोपसान होता. उंची सहा फूट चार इंच, पण गाठीशी अवघ्या सहा लढती. पाचव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली. धंदेवाईक मुष्टियुद्धात तोवर विजेंदर बारा लढती खेळला होता आणि बाराही जिंकला होता.

हा विजेंदर कोण, हे तरुण वाचकांना थोडे सांगायला हवे. हरियाणातल्या भिवानीजवळच्या कालुवास गावचा. वडील हरियाणा रोडवेजमध्ये बसचालक. पोरांच्या शिक्षणासाठी आणि सरावासाठी ते जादा पाळ्या करत. २००८ साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये विजेंदरने ७५ किलो गटात कांस्यपदक मिळवले. मुष्टियुद्धातले भारताचे ते पहिले ऑलिंपिक पदक. २००९ मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्य, २०१० मध्ये आशियाई सुवर्ण. हरियाणा पोलिसांत तो उपअधीक्षकही झाला. ऑक्टोबर २०१५ मध्ये मँचेस्टरला त्याने पहिली धंदेवाईक लढत जिंकली, तेव्हा हा गडी आता जगज्जेता होणार असेच सारे धरून चालले. तसे घडले नाही. जगज्जेतेपदाची लढत त्याच्या वाट्याला कधी आलीच नाही.

का आली नाही? मनगटात जोर नव्हता म्हणून, असे मुळीच नाही.

आपण कोल्हापूरकडची माणसे. खासबागेतली निकाली कुस्ती आणि गादीवरची गुणांची कुस्ती यातला फरक आपल्याला कोणी शिकवायला नको. पैलवान तोच, डावही पुष्कळसे तेच. पण एकीकडे सहा मिनिटांत गुण गोळा करायचे आणि दुसरीकडे समोरच्याला चितपट करायचे. दम वेगळा, डोके वेगळे. मुष्टियुद्धाचेही असेच आहे. विजेंदर ज्या हौशी खेळात वाढला, त्यात बीजिंगला दोन-दोन मिनिटांच्या चार फेऱ्या होत्या. डोक्याला संरक्षक टोप. पाचांपैकी तीन पंचांनी एकाच वेळी कळ दाबली की एक गुण. ठोसा हलका असो वा जबर, गुण एकच! म्हणजे लांबून नेमका ठोसा टेकवायचा आणि चटकन मागे सरायचे, ही त्या खेळाची विद्या. धंदेवाईक खेळात टोप नाही, फेरी तीन मिनिटांची, आणि मोठ्या लढतीत अशा दहा-बारा फेऱ्या. तिथे बरगड्यांवर मार खात, मार देत समोरच्याला झिजवावे लागते. ही विद्या विजेंदरने शिकायला घेतली तेव्हा तो तिशीला टेकला होता.

युक्रेनचा लोमाचेन्को पाहा. तोही हौशी खेळातून आला, दोन ऑलिंपिक सुवर्णपदके घेऊन आला आणि २०१४ साली तिसऱ्याच लढतीत जगज्जेता झाला. पण तो पंचविशीत आला होता. शिवाय असा खेळाडू पिढीतून एखादाच. अमेरिकेचा हॉवर्ड डेव्हिस १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमधला सर्वोत्तम मुष्टियोद्धा ठरला होता. जगज्जेतेपदासाठी तो तीनदा लढला आणि तिन्ही वेळा हरला.

दुसरे कारण मला अधिक मोठे वाटते. विजेंदरने पहिल्या सव्वा वर्षात आठ लढती केल्या आणि नंतरच्या पावणेसहा वर्षांत फक्त सहा. २०१८ मध्ये एकही नाही, २०२० मध्येही नाही. जुलै २०१६ मध्ये दिल्लीत केरी होपला हरवून त्याने आशिया-पॅसिफिक किताब घेतला. ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबईत वरळीला चीनच्या झुल्पिकार मैमैतियालीने त्याला अगदी शेवटपर्यंत झुंजवले. खरे तर तिथून पुढे चढत्या जोडी हव्या होत्या. पैलवानाला वर्षभर मैदान मिळाले नाही तर काय होते, ते तालमीतले पोरही सांगेल. पण धंदेवाईक खेळात जोड लावणारा आयोजक असतो, आणि तिकिटे व दूरचित्रवाणीचा पैसा बघूनच तो जोड लावतो. करार बदलले. २०१९ मध्ये विजेंदर दक्षिण दिल्लीतून लोकसभेलाही उभा राहिला आणि हरला. गोव्याच्या लढतीआधी सोळा महिने तो रिंगणात उतरलाच नव्हता, त्यात करोनाचा काळ.

उचगावातून गोकुळ शिरगावला पाळीवर जाणाऱ्या आईबापांनी पोराच्या किंवा पोरीच्या हातात ग्लोव्हज देताना एवढे ध्यानात घ्यावे. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, ते मान्यताप्राप्त स्पर्धांतल्या कामगिरीवर. विजेंदरला पोलिसातले पद मिळाले तेही हौशी खेळावरच. धंदेवाईक खेळात आज लढत झाली तर आज पैसा; पुढची लढत कधी, ते आयोजकाला ठाऊक.

गोव्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये रायपूरला विजेंदर पुन्हा उतरला. घानाच्या एलियासू सुलेला त्याने दुसऱ्याच फेरीत पाडले. तेव्हा त्याचे वय छत्तीस होते.