ठिणगी वेळेवर पडली पाहिजे

मोटार धक्के देऊ लागली की पुष्कळांचा हात आधी कार्ब्युरेटरकडे जातो. पण दोष अनेकदा ठिणगीत असतो, आणि बरेचदा तो ठिणगीच्या वेळेत असतो. आज एका जुन्या इंग्लिश शर्यती थाटाच्या मोटारीच्या आधारे तो कसा शोधावा ते पाहू.

ही मोटार म्हणजे एम. जी. बी. इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथे १९६२ ते १९८० पर्यंत ती तयार होत होती. तिचे इंजिन १७९८ सी. सी.चे. त्याच घराण्यातले १४८९ सी. सी.चे इंजिन आपल्या अ‍ॅम्बॅसिडरला अनेक वर्षे होते. तेव्हा हा विषय आपल्याला अगदीच परका नाही.

इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असले, तर चार सिलिंडरांत मिळून सेकंदाला १०० ठिणग्या पडतात. त्या वाटण्याचे काम डिस्ट्रिब्यूटर करतो. त्यातील पॉइंट उघडले की कॉइलमध्ये उच्च दाबाची वीज निर्माण होते, आणि रोटर ती १, ३, ४, २ या क्रमाने प्लगांना पोचवतो. जळणाला पेटायला थोडा वेळ लागतो. म्हणून दट्ट्या माथ्यावर पोचण्याच्या जरा आधीच ठिणगी पडावी लागते.

ती फार आधी पडली तर काय होते? चढावर इंजिन ठोके देते, सुरू करताना उलटा झटका मारते. हे ठोके तसेच चालू दिले तर दट्ट्याला भोकसुद्धा पडते. फार उशिरा पडली तर गाडी मरगळते, इंजिन तापते, पेट्रोल वाया जाते.

मग तपासणी कोठून सुरू करावी? डिस्ट्रिब्यूटर एकदम फिरवू नये. प्रथम टोपण काढून आत पाहावे. टोपणाला केसासारखी चीर किंवा काळी रेघ असेल तर वीज भलत्याच वाटेने पळते. दमट हवेत हा त्रास वाढतो. पॉइंट वारंवार जळत असतील तर कंडेन्सरचा संशय घ्यावा. मग दांडा बोटांनी हलवून पाहावा. तो डुगडुगत असेल तर पॉइंट दरवेळी कमीजास्त उघडतात, आणि कोणतीच जुळणी टिकत नाही.

यानंतर फट. सुरुवातीच्या एम. जी. बी.त लुकासचा डिस्ट्रिब्यूटर असे; त्याच्या पॉइंटमधील फट ०.०१४ ते ०.०१६ इंच ठेवतात. फट वाढली की ठिणगी आधी पडते, कमी झाली की उशिरा. पॉइंटची टाच झिजून फट हळूहळू कमी होते. म्हणजे फट बदलली की वेळही बदलली! म्हणूनच आधी फट, नंतर वेळ, हा क्रम कधी मोडू नये.

आता वेळ. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, पहिल्या सिलिंडरचा दट्ट्या दाबाच्या फेरीत वर येत असताना, पुलीवरची खूण माथ्याच्या १० अंश आधी आणावी. हा आकडा सुरुवातीच्या, अधिक दाबाच्या इंजिनांचा. इतरांसाठी गाडीचे पुस्तक पाहावे. कॉइलच्या डिस्ट्रिब्यूटरकडील टोकाला आणि गाडीच्या सांगाड्याला एक छोटा दिवा जोडून स्विच चालू करावा. पॉइंट मिटलेले असताना दिवा विझलेला राहतो, उघडताच पेटतो. डिस्ट्रिब्यूटरची पकड सैल करून तो आधी रोटरच्या दिशेने, म्हणजे डावीकडे फिरवावा; दिवा विझेल. मग सावकाश उलट दिशेने फिरवावा, आणि दिवा पेटताच तेथेच आवळावा.

शेवटी नळीची परीक्षा. निर्वात नळीतून तोंडाने हवा ओढली की आतली पट्टी सरकली पाहिजे. सरकली नाही तर पडदा फाटलेला समजावा. वजने अडकली असतील तर वेग वाढला तरी ठिणगी पुढे सरकत नाही.

शिक्षकबंधूंनी मुलांना यातून एक गोष्ट जरूर सांगावी: एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि परिणाम पाहून पुढे जावे. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर मोटार कदाचित सुधारेल. पण दोष कोणता होता, ते मात्र आपल्याला कधीच कळणार नाही.