सूक्ष्मसंपुटन : औषध हळूहळू सोडणारे आवरण

गोळ्यांच्या पाकिटावर औषधाच्या नावापुढे ‘एसआर’, ‘ईआर’ किंवा ‘एक्सएल’ अशी अक्षरे असतात. आतले औषध एकदम न सुटता कित्येक तास हळूहळू सुटते, एवढाच त्यांचा अर्थ. औषधनिर्माणशास्त्राच्या वर्गात तो सांगायला मला दोन मिनिटे लागतात. पण आजीला गोळी गिळवत नाही म्हणून ती खलबत्त्यात कुटणाऱ्या नातवापर्यंत तो पोहोचत नाही.

साधी गोळी पोटात लवकर विरघळते. रक्तातले औषधाचे प्रमाण झपाट्याने चढते, मग उतरते. म्हणून ती दिवसातून तीन-चार वेळा घ्यावी लागते. औषधाच्या कणांभोवती आवरण घातले, तर हा चढउतार कमी होतो. कण एक मिलिमीटरहून लहान असले, की या क्रियेला मी सूक्ष्मसंपुटन म्हणतो. देवघरातला संपुष्ट ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा शब्द परका वाटू नये.

१९५२ साली अमेरिकेतील स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच कंपनीने ‘स्पॅन्सूल’ बाजारात आणले. त्यातले मणी जरा मोठे होते. कल्पना मात्र हीच. एका कॅप्सूलमध्ये शेकडो बारीक मणी, आणि त्यांच्यावर मेणासारख्या पदार्थाचे कमीअधिक जाडीचे थर. पातळ थराचे मणी आधी औषध सोडतात, जाड थराचे नंतर. संक्रांतीचा हलवा करताना मंद आचेवर तिळावर पाकाचे थर चढवतात, तसेच हे काम.

याच दशकात नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत बॅरेट ग्रीन यांनी कार्बनशिवाय नक्कल उमटवणाऱ्या कागदासाठी जिलेटिनची सूक्ष्मसंपुटे विकसित केली. त्यांच्या पद्धतीत कोमट पाण्यातले जिलेटिन आणि अरबी डिंक एकत्र करतात. आम्लता वाढवून सामू चारच्या आसपास आणला, की जिलेटिनवर धनभार आणि डिंकावर ऋणभार राहतो. दोन्ही एकमेकांकडे ओढले जातात, दाट थेंबांच्या रूपाने पाण्यातून वेगळे होतात आणि त्यात ढवळलेल्या कणांभोवती जमतात. मग मिश्रण थंड करून आवरण घट्ट करतात. कागदातले संपुट लेखणीच्या दाबाने फुटावे लागते; औषधाचे मात्र फुटता कामा नये, त्यातून औषध झिरपले पाहिजे.

दुसऱ्या पद्धतीत लॅक्टिक आणि ग्लायकॉलिक आम्लांपासून बनलेले बहुवारिक सेंद्रिय द्रावकात विरघळवतात, त्यात औषध मिसळतात आणि ते मिश्रण पाण्यात जोरात ढवळतात. द्रावक उडून गेला की घन गोलक उरतात. जिलेटिनचे संपुट करंजीसारखे असते : सारण आत, पारी बाहेर. हे गोलक रव्याच्या लाडवासारखे : औषध सगळीकडे मिसळलेले. शरीरात बहुवारिक झिजते तसे औषध सुटते. प्रोस्टेटच्या कर्करोगावरील ल्युप्रोलाइडचे महिन्यातून एकदा द्यायचे इंजेक्शन अमेरिकेत १९८९ साली मंजूर झाले, ते याच तत्त्वावर.

आता खलबत्त्याकडे वळू. आवरण फुटले की बारा किंवा चोवीस तासांची मात्रा थोड्या वेळात रक्तात उतरते. रक्तदाबाच्या गोळीने दाब एकाएकी घसरू शकतो. मॉर्फिनच्या अशा गोळीने श्वास मंदावून जीवही जाऊ शकतो. काही कॅप्सूल उघडून त्यातले दाणे न चावता मऊ अन्नाबरोबर घेता येतात, काही गोळ्या खाचेवर अर्ध्या करता येतात. पण हे औषधागणिक बदलते, म्हणून औषधविक्रेत्याला किंवा डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

विद्यार्थी अशा गोळीला ‘दीर्घकालीन गोळी’ म्हणतात, तेव्हा मी त्यांना थांबवतो. ऐकणाऱ्याला ती अनेक महिने घ्यायची गोळी वाटते. पाठ्यपुस्तकात ‘संथमोचन’ चालेल. घरात मात्र ‘हळूहळू सुटणारे औषध, कुटू नका, चावू नका’ असेच म्हणावे. संज्ञा घडवताना विद्वानाची सोय आपण पाहतोच. इथे खलबत्ता हाती घेतलेल्या माणसाची सोय आधी पाहायला हवी.