परतीची वेळ खालीच ठरते

उंचीवरचं जगणं : भाग ६

विरळ हवेशी शरीर कसं जुळवून घेतं, ते मागच्या भागात पाहिलं. त्याच हवेत माणूस निर्णय कसे घेतो, हा या भागाचा विषय.

परभणी समुद्रसपाटीपासून साधारण साडेतीनशे मीटरवर आहे. इथे श्वास घेताना ऑक्सिजनचा विचारही मनात येत नाही. ८,८४९ मीटरच्या एव्हरेस्टवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम एक तृतीयांश उरतो. २००७ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांच्या एका पथकाने ८,४०० मीटरवर स्वतःचंच रक्त काढून तपासलं. निरोगी माणसाच्या धमनीतल्या रक्तात ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या शंभर मिलिमीटरच्या आसपास असतो. तिथे तो सरासरी पंचविसापर्यंत उतरला होता. अशा मेंदूला साधी बेरीजही जड जाते. ‘पुढे जावं की परतावं’, ‘वाटेत पडलेल्यासाठी थांबावं की नाही’ हे प्रश्न मात्र नेमके तिथेच समोर येतात.

म्हणून अनुभवी मोहिमा परतीची वेळ तळछावणीतच ठरवतात. दुपारी एक किंवा दोन वाजले, की शिखर कितीही जवळ दिसत असलं तरी मागे फिरायचं. कारण ऑक्सिजन मोजका असतो. नेहमीच्या वापरातला चार लिटरचा सिलिंडर पूर्ण भरलेला असला, तर मिनिटाला दोन लिटरच्या वेगाने दहा तास पुरतो. वेग दुप्पट केला की पाच तासांत संपतो. शिखर गाठण्यात सगळी शिल्लक खर्च केली, तर उतरण्यासाठी हाती काहीच राहत नाही.

हा नियम माहीत असणं आणि तो पाळणं यांत किती अंतर आहे, हे न्यूझीलंडचे मोहीम-मार्गदर्शक रॉब हॉल यांच्या बाबतीत दिसलं. १९९५ मध्ये त्यांनी डग हॅन्सन या आपल्या ग्राहकाला एव्हरेस्टच्या शिखराच्या अगदी जवळून परत फिरवलं होतं. १० मे १९९६ रोजी हॅन्सन पुन्हा आले आणि दुपारी चारनंतर माथ्यावर पोहोचले. या वेळी हॉल यांनी त्यांना मागे वळवलं नाही. ते त्यांच्यासाठी वर थांबले. वादळ आलं आणि दोघेही परतले नाहीत. आधीच्या वर्षीची हुरहूर मनात होती, आणि हॅन्सन यांच्याविषयीची माया जिवावर बेतली.

याच्या उलट उदाहरण आपल्या मराठवाड्यातलं आहे. मनीषा वाघमारे २०१७ मध्ये एव्हरेस्टच्या अखेरच्या टप्प्यापर्यंत पोहोचल्या होत्या. हवामान बिघडलं आणि त्या परतल्या. पुढच्याच वर्षी, मे २०१८ मध्ये, त्या पुन्हा गेल्या आणि माथ्यावर उभ्या राहिल्या. दुसऱ्या वर्षीचं यश पहिल्या वर्षीच्या माघारीने शक्य केलं, असं मी मानतो.

स्वतःसाठी परत फिरणं अवघड. दुसऱ्यासाठी फिरणं त्याहून अवघड. मे २००६ मध्ये एव्हरेस्टच्या उत्तर बाजूने चढलेले ब्रिटनचे डेव्हिड शार्प वाटेतल्या एका कपारीत बसून राहिले. जवळपास चाळीस जण त्यांच्या बाजूने गेले. काहींना ते विसावा घेत आहेत असं वाटलं, काहींना ते गेलेच आहेत असं वाटलं, काहींनी प्रयत्नही केला. शार्प वाचले नाहीत. सर एडमंड हिलरी यांनी यावर कडक शब्दांत नापसंती व्यक्त केली. त्यानंतर पंधरवडाही उलटला नव्हता. ऑस्ट्रेलियाचे लिंकन हॉल मृत समजून मागे ठेवले गेले होते. २६ मेच्या सकाळी डॅन मेझर, त्यांचे दोन साथीदार आणि जांगबू शेर्पा यांना ते जिवंत सापडले. शिखर थोड्याच तासांवर होतं, हवा स्वच्छ होती. चौघेही थांबले, मदत येईपर्यंत हॉल यांना सांभाळलं आणि आपलं शिखर सोडलं. हॉल वाचले.

दोन्ही प्रसंग सारखे नव्हते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. थोडं सावरल्यावर लिंकन हॉल चालू शकले. शार्प यांना उभं राहता येत नव्हतं, आणि अशा माणसाला त्या उंचीवरून उतरवायला कित्येक शेर्पांचं बळ लागतं. शिवाय सगळं देऊनही जीव वाचेलच असं नाही. १५ मे २०१९ रोजी कांचनजंगावरून उतरताना गिर्यारोहक निर्मल पुर्जा आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अडकलेल्यांना स्वतःचा ऑक्सिजन दिला. तरीही बंगालचे दोन गिर्यारोहक दगावले. म्हणून आपल्या हाती असलेली मदत केली का, हाच न्याय्य प्रश्न आहे. ती हाती असावी, याची तजवीजही चढाईच्या आधीच करावी लागते : जादा सिलिंडर, पुरेसे शेर्पा, आणि अडकलेला माणूस दिसला तर मोहीम थांबेल असा आधीच झालेला ठराव.

आणखी एक ओझं गावाकडून वर जातं. एव्हरेस्टचा खर्च लाखो रुपयांच्या घरात असतो. मराठवाड्यातल्या सामान्य घरातल्या मुलामुलींना तो कर्ज काढून, देणग्या मागून, संस्थांच्या पायऱ्या झिजवून उभा करावा लागतो. इतक्यांचा पैसा अंगावर असताना मागे फिरायला मोठं धैर्य लागतं. हे ओझं आपण कमी करू शकतो.

परभणी, जिंतूर किंवा सेलूतून कोणी मोठ्या मोहिमेला निघत असेल, तर घरच्यांनी आणि देणगीदारांनी आयोजकांना तीन प्रश्न विचारावेत. परतीची वेळ कोणती आणि ती मोडण्याचा अधिकार कोणाला? संकटासाठी राखीव ऑक्सिजन किती? सोबतच्या शेर्पांचा विमा किती रकमेचा? उत्तरं गुळमुळीत मिळाली, तर पैसे देऊ नयेत. देणगी देतानाच मुलाला किंवा मुलीला स्पष्ट सांगावं : शिखर न गाठता आलास तरी, आलीस तरी, सत्कार ठरलेला आहे. तेवढा शब्द दिला, की ८,००० मीटरवरचा सर्वांत कठीण निर्णय आपण इथूनच थोडा सोपा केलेला असेल.

(पुढील भागात : दोर बांधणारे हात – शेर्पांचं काम आणि त्यांची जोखीम)