ब्रोमाइडची मुदत संपली, म्हणजे नेमकं काय संपलं?

बंद पडलेल्या फोटो स्टुडिओंच्या माळ्यावर अजूनही काळ्या-पांढऱ्या ब्रोमाइड पेपरची पाकिटं सापडतात. कधी कोडॅकची, कधी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’. वरची तारीख वाचून ती मुदत संपलेल्या गोळ्यांसारखी कचऱ्यात जातात. पहिला गैरसमज तिथेच आहे. जिलेटिनच्या थरातले सिल्व्हर हॅलाइडचे काही कण वय, उष्णता आणि दमटपणा यांमुळे उजेड न लागताही डेव्हलप होण्याजोगे बनतात. असा कागद डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात, आपोआप करडा पडतो, हाच फॉग. संपतो तो स्वच्छ पांढरा आणि कॉन्ट्रास्ट. उजेड टिपण्याची ताकद थोडीफार घटते, पण जात नाही.

तेही तारखेवर विसंबून ठरवू नये. डार्करूमच्या मंद सेफलाइटमध्ये पेपरच्या दोन पट्ट्या कापाव्यात. एक थेट हायपोत, म्हणजे उरलेलं सिल्व्हर हॅलाइड धुऊन काढणाऱ्या फिक्सरमध्ये टाकावी, दुसरी आधी डेव्हलपरमध्ये आणि मग हायपोत. दोन्ही सारख्याच पांढऱ्या निघाल्या तर पेपर ठणठणीत आहे. दुसरी किंचित करडी आली तर डेव्हलपरमध्ये फॉग रोखणारं थोडं बेंझोट्रायझोल घालून बरंच निभावतं. काळपट आली, तरच साध्या प्रिंटचा नाद सोडावा.

‘मग अशा पेपरचा उपयोग काय?’ इथे एक गोष्ट लोक विसरतात: फॉग डेव्हलपरमध्येच दिसतो. डेव्हलपर वापरलाच नाही, तर तो उमटणारच कसा? ल्यूमेन प्रिंट नेमकी याच तत्त्वावर चालते. पेपरवर ओलसर पान किंवा फूल ठेवायचं, वर काच दाबायची आणि अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत उन्हात ठेवायचं. डार्करूम लागत नाही. काळा-पांढरा पेपर रंग देत नाही, हा समजही इथे गळून पडतो: गुलाबी, जांभळा, विटकरी, चॉकलेटी असं काहीही उमटतं. हे रंग पानातून उतरले असं अनेकांना वाटतं. पानातल्या ओलाव्याचा परिणाम होतो खरा, पण मूळ रंग उन्हाने सुट्या झालेल्या चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचा. कणांचा आकार बदलला की छटा बदलते. म्हणूनच हायपोत घातल्यावर चित्र फिकं पडतं आणि रंग पालटतात. आवडलेला रंग हवा असेल तर आधी स्कॅन करावा. स्कॅनरच्या एका फेरीने चित्र वाया जात नाही.

पेपर उजेडाला अतिशय मंद, म्हणून कॅमेऱ्यात निरुपयोगी, असंही म्हणतात. हा मंदपणा सोलरग्राफीत कामी येतो. डब्याला सुईने भोक पाडून आत पेपर लावला की सूर्याचे रोजचे मार्ग महिनोन्‌महिने एकाच कागदावर साठतात. इंग्लंडमधल्या बेफर्डबरी वेधशाळेवर रेजिना वॉल्केनबर्ग यांनी 2012 मध्ये लावलेला बिअरचा कॅन 2020 मध्ये सापडला, तेव्हा त्यात 2,953 कमानी होत्या. आपल्याकडे मात्र डबा डिसेंबरअखेर बांधून पावसाआधी उतरवावा, नाहीतर जिलेटिन फुगेल. आणि तोंड दक्षिणेकडे करा, हा युरोपातला सल्ला जसाच्या तसा घेऊ नये. मुंबईत मे महिन्याच्या मध्यानंतर दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला जातो. पूर्व किंवा पश्चिम बरी.

पाकीट चुकून उजेडात उघडलं की सगळंच संपलं, असं मानणाऱ्यांनी पिएर कॉर्डिएंचं काम पाहावं. या बेल्जियन कलावंताने 1956 मध्ये फोटो पेपरवर नेलपॉलिश वापरून केमिग्रामची सुरुवात केली. भर उजेडात करायचं काम हे: वॉर्निश, मध, पाक यांपैकी काहीतरी लावायचं आणि पेपर आळीपाळीने डेव्हलपर व हायपोत बुडवायचा. थर जसजसा सुटेल तसतशा रेषा फुटत जातात. अमेरिकेच्या अ‍ॅलिसन रॉसिटर त्याच्या उलट वाटेने जातात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचेही पेपर मिळवून त्या ते कॅमेरा न वापरता नुसते डेव्हलप करतात. जुना फॉग, बुरशी, कुणाच्या बोटांचे ठसे हेच त्यांचं चित्र. मला स्वतःला ल्यूमेनपेक्षा हे अधिक धीट वाटतं.

एक समज मात्र धोक्याचा आहे: हायपो म्हणजे निरुपद्रवी मीठ, बेसिनमध्ये ओतलं तरी चालतं. वापरलेल्या हायपोत विरघळलेली चांदी असते. तो डब्यात साठवावा आणि एक्स-रेचा हायपो चांदीसाठी घेणाऱ्यांना द्यावा. डेव्हलपर हाताळताना हातमोजे घालावेत, आणि ट्रे स्वयंपाकघरातले नकोत.