ययातीतल्या अल्गॉलचे पिधान

डिसेंबरात रात्री नऊच्या सुमारास ययाती तारकासमूह महाराष्ट्रातून उत्तरेला चांगला उंच आलेला असतो. त्यातला अल्गॉल दर 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी मंदावतो. प्रत 2.1 वरून 3.4 पर्यंत उतरते, म्हणजे तेज तिसऱ्या हिश्शाच्याही खाली जाते. उतरायला सुमारे पाच तास, चढायला तितकेच. हे टिपायला दुर्बीण लागत नाही. अंधाराला सरावलेले डोळे, लाल कागद लावलेली विजेरी, घड्याळ आणि तारानकाशा पुरे.

काम सगळे तुलनेचे. देवयानीतला गॅमा 2.1 प्रतीचा, ययातीतला एप्सिलॉन 2.9 चा. अल्गॉल दोघांच्या बरोबर मध्ये वाटला तर 2.5 लिहायचे. आणखी उतरला की त्रिकोणातला अल्फा घ्यायचा, तो 3.4 चा. देवयानीचा गॅमा नारिंगी आहे. अशा ताऱ्याकडे टक लावली की तो अधिकच तेजस्वी भासू लागतो, म्हणून नजर टाकायची आणि लगेच काढून घ्यायची. अल्गॉलशेजारचा ऱ्हो तुलनेला फार सोयीचा दिसतो, पण तो स्वतःच रूपविकारी. त्याच्या वाटेला जायचे नाही.

खरा कस लागतो तो मागचा आकडा विसरताना. तारा उतरतो आहे हे ठाऊक असले, की डोळाही तसेच सांगू लागतो. म्हणून प्रत्येक नोंदीनंतर मी वहीचे पान दुमडतो.

1782 मध्ये यॉर्कला जॉन गुडरिक हेच करत होता. वय अठरा, ऐकू येत नव्हते. पुढच्या वर्षी त्याने रॉयल सोसायटीला कळवले, की ताऱ्यासमोरून एखादे पिंड जात असावे, नाहीतर ताऱ्यावरच डाग असावेत. नुसत्या डोळ्यांच्या नोंदींवरून इतके पुढे जाऊनही त्याने दोन्ही शक्यता उघड्या ठेवल्या, याचा मला फार आदर वाटतो. अल्गॉल ही जोडी आहे हे खगोलशास्त्रज्ञ फोगेल यांनी वर्णपटावरून दाखवले, ते 1889 मध्ये.

तळाशी बदल इतका सावकाश होतो, की नेमका क्षण डोळ्याला सापडत नाही. तो आलेखावर काढायचा: उतरत्या आणि चढत्या बाजूंवरचे सारख्या प्रतीचे बिंदू जोडून त्यांचा मध्य घ्यायचा. त्यासाठी दोन्ही बाजू हाती लागाव्या लागतात. एक बाजू ढगात गेली, तरी मध्यरात्रीचे पिधान तीन रात्रींनी पावणेनऊच्या सुमारास पुन्हा गाठता येते.